किनाऱ्यावरची बालवाडी
रायगड जिल्ह्याच्या उत्तरेस, त्याच कोकणपट्टीवर, बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले आणि अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. इंद्रियशिक्षण, स्वयंप्रेरित कर्म आणि शिक्षकाने हुकमत सोडून निरीक्षक होणे, हे मॉन्टेसरी पद्धतीचे मर्म त्यांनी यथावत् राखले; परंतु तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नसल्यामुळे शिंपले, बिया, खडे आणि पाने यांतूनच गणन, वर्गीकरण व स्पर्शज्ञान साधले. मूल शाळेत येईना, तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. १९७५ च्या सरकारी योजनेतही पुढे हेच नाव आले. मूळ पद्धतीपेक्षा हे देशी रूपांतरच मला अधिक श्रेयस्कर वाटते.