मारणाऱ्याचा हात, चिथावणाऱ्याचा खिसा

खून करणारे पकडले जातात आणि त्यांची डोकी भडकवणारे दुसऱ्या गावात नवी सभा घेतात. हे आपल्याला नवे नाही. म्हणून अमेरिकेतल्या पोर्टलंडचा एक दिवाणी खटला कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा.

नोव्हेंबर १९८८. इथिओपियाहून शिकायला आलेल्या मुलुगेटा सेरॉ या काळ्या तरुणाला वंशद्वेषी स्किनहेड टोळीने बेसबॉलच्या बॅटने मारले. तिघांनी गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेले. फौजदारी प्रकरण तिथे संपले. पण टोळीला फूस लावणारा कोण? कॅलिफोर्नियात बसलेला टॉम मेट्झगर आणि त्याची 'व्हाइट आर्यन रेझिस्टन्स' ही संघटना. त्याने स्वतः हात उचलला नव्हता. तरी सेरॉच्या कुटुंबातर्फे त्याच्यावर दिवाणी दावा लावला गेला.

१९९० मध्ये ज्युरीने १ कोटी २५ लाख डॉलर द्यायला लावले. यातली फोड महत्त्वाची आहे. नुकसानभरपाई फक्त २५ लाख, उरलेले १ कोटी दंडात्मक. भरपाई मोजताना पीडिताचे काय गेले हे बघतात. दंड मोजताना ज्युरी करणाऱ्याकडे बघते: कृत्य किती नीच, हेतू काय, किती रकमेने पुन्हा हिंमत होणार नाही. मेट्झगरकडे एवढा पैसा नव्हताच, पण राहते घर गेले.

न्यायाधीशांनी मात्र पुढे या आकड्यांना कात्री लावली, तीही कंपन्यांच्या खटल्यांत. पुन्हा रंगवलेली गाडी नवी म्हणून विकल्याबद्दल अलाबामाच्या ज्युरीने बीएमडब्ल्यूला ४ हजारांच्या भरपाईवर ४० लाख डॉलर दंड ठोकला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २० लाखांवर आणला, १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला तोही अवाजवी वाटला. अखेर उरले ५० हजार. २००३ मध्ये तेच न्यायालय म्हणाले, भरपाईच्या नऊपटीपुढचा दंड क्वचितच टिकेल.

ऐकायला हे समतोल वाटते. पण भरपाई बरीचशी कमाईवर मोजतात. मजुराची कमाई कमी, म्हणून भरपाई कमी, म्हणून त्याला मारणाऱ्याचा दंडही कमी! न्यायालयाने अपवादाची फट ठेवली आहे, पण त्या फटीतून शिरायला वकील लागतो, आणि तो गरिबाला सहज मिळत नाही.

आपल्याकडे तर ज्युरीच नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांत मदतीचे कोष्टक आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ती ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठरवली. ही रक्कम सरकारी तिजोरीतून येते. तिने ना आरोपीच्या सातबाऱ्याला धक्का लागतो, ना त्याला भडकवणाऱ्याच्या.