स्नानगृहातून आलेला घुमारा

१/ १९४७, शिकागो. ‘हार्मोनिकॅट्स’ या तीन हार्मोनिकावादकांच्या ‘पेग ओ माय हार्ट’ या ध्वनिमुद्रिकेला ध्वनितंत्रज्ञ बिल पटनम यांना घुमारा द्यायचा होता. त्यासाठी त्यांनी चक्क स्नानगृह वापरले! ध्वनिमुद्रिका कमालीची गाजली.

२/ युक्ती अशी : ध्वनीचा एक फाटा स्नानगृहातील लाउडस्पीकरकडे न्यायचा, भिंतींवर आदळून घुमलेला नाद तेथील मायक्रोफोनने टिपायचा आणि मूळ ध्वनीत मिसळायचा.

३/ मर्म या वेगळ्या वाटेत आहे. मूळ ध्वनी अबाधित राहतो, घुमाऱ्याचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवता येते आणि एकाच खोलीकडे अनेक वाद्यांचे फाटे नेता येतात.

४/ १९५७ मध्ये जर्मनीच्या ‘ईएमटी’ कंपनीने खोलीऐवजी टांगलेला पोलादी पत्रा आणला. पुढे संगणकाने पत्र्याचीही जागा घेतली. वाट मात्र तीच राहिली.

५/ आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘सेंड’ म्हणजे त्या खोलीकडे जाणारा फाटा, ‘रिटर्न’ म्हणजे तेथून परतणारा नाद. म्हणूनच रिटर्नवरील रिव्हर्ब पूर्ण शंभर टक्के ठेवतात. मूळ ध्वनी आपल्या वाटेने येतच असतो. प्रत्येक चॅनेलला निराळा रिव्हर्ब दिला, तर वादक निरनिराळ्या खोल्यांत विखुरल्यासारखे वाटतात. सर्वांना एकाच रिटर्नकडे धाडले, की मैफल एका दालनात जमते.