मृण्मयी (नाव)

मृण्मयी हे मुलींना ठेवले जाणारे संस्कृतोद्भव विशेषनाम आहे. 'मातीची बनलेली' किंवा 'मातीने घडलेली' असा त्याचा अर्थ होतो. महाराष्ट्र आणि बंगाल या दोन्ही प्रदेशांत हे नाव आढळते. मात्र त्याचा उच्चार दोन्हीकडे भिन्न आहे.

व्युत्पत्ती
'मृद्' (माती) या शब्दाला 'मय' हा प्रत्यय लागून 'मृन्मय' हे विशेषण तयार होते. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'मृन्मयी'. 'मृन्मय' हा शब्द ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील वरुणसूक्तात (७.८९) मातीच्या घराचे विशेषण म्हणून आला आहे. पाणिनीय व्याकरणानुसार 'द्'चा 'न्' होतो, म्हणून 'मृन्मयी' हे रूप नियमाला धरून आहे. मराठीत मात्र 'ण्' असलेले 'मृण्मयी' हेच रूप रूढ झाले आहे. मराठीतील 'माती' हा शब्द 'मृत्तिका' या शब्दापासून प्राकृतमार्गे आला असल्याने तो या नावाचा सगोत्र ठरतो. 'मृणाल' व 'मृणालिनी' ही नावे मात्र कमळाच्या देठाशी संबंधित असून त्यांचा 'मृद्'शी संबंध नाही.

उच्चार
'ऋ' या स्वराचा मूळ उच्चार आधुनिक भारतीय भाषांत टिकलेला नाही. मराठी, गुजराती व ओडिया भाषकांच्या तोंडी त्याचा 'रु' होतो, तर हिंदी व बंगाली भाषकांच्या तोंडी 'रि'. त्यामुळे हे नाव मराठीत 'म्रुण्मयी' असे, तर बंगालीत 'म्रिन्मोयी' असे ऐकू येते. यांपैकी कोणताही उच्चार अशुद्ध नव्हे. तो त्या त्या भाषेच्या परंपरेचा भाग आहे. 'मृ' हे अक्षर आणि 'ण्म' हे जोडाक्षर लागोपाठ येत असल्याने लहान मुलांना व अपरिचितांना हे नाव उच्चारण्यास कठीण जाते.

रोमन लेखन
देवनागरीत उच्चार कोणताही असला तरी 'मृ' हे एकच अक्षर लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र 'यू' किंवा 'आय' यांपैकी एका अक्षराची निवड करावी लागते आणि त्याबरोबर एक उच्चारही निश्चित होतो. शेवटच्या 'यी'साठीही दुहेरी 'ई' किंवा एकच 'आय' असे दोन पर्याय प्रचलित आहेत. जन्मदाखला, शाळेतील नोंद आणि पारपत्र यांत वेगवेगळी रूपे आल्यास पुढे नावातील तफावत दूर करण्याचे काम त्या मुलीवर येऊन पडते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद नावाविना करून नाव नंतर नोंदवता येते. त्यामुळे वर्णलेखन ठरविण्यास पालकांना अवधी मिळतो. नंतर नाव बदलायचे झाल्यास महाराष्ट्रात ते शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करण्याची पद्धत आहे.

प्रसार
इंग्लंड, अमेरिका आदी देशांप्रमाणे भारतात नवजात बालकांच्या नावांची अधिकृत वार्षिक यादी प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे या नावाची लोकप्रियता आकड्यांत सांगता येत नाही. मराठी समाजात हे नाव परिचित असले तरी सर्रास आढळणारे नाही.

साहित्य, चित्रपट व धर्मपरंपरा
- गो. नी. दांडेकर यांच्या एका कादंबरीचे नाव 'मृण्मयी' आहे. इंदिरा संत यांच्या निवडक कवितांचा संग्रहही याच नावाने प्रसिद्ध झाला आहे.
- रवींद्रनाथ ठाकूर यांच्या 'समाप्ति' या कथेच्या अल्लड नायिकेचे नाव मृण्मयी आहे. सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या' (१९६१) या चित्रपटात ही भूमिका अपर्णा सेन यांनी केली.
- बंगालमध्ये दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला 'मृन्मयी' आणि तिच्या चैतन्यरूपाला 'चिन्मयी' म्हणतात. बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर येथे मृन्मयी देवीचे मंदिर आहे.

हे नाव असलेल्या व्यक्ती
- मृण्मयी देशपांडे – मराठी अभिनेत्री व दिग्दर्शिका
- मृण्मयी गोडबोले – मराठी अभिनेत्री
- मृण्मयी लागू – पटकथालेखिका