पहिल्या राष्ट्रपतींची निवड : उज्जैन, मध्य भारत आणि गोवा

२४ जानेवारी १९५० रोजी नवी दिल्लीत संविधान सभेची अखेरची बैठक भरली. सभेचे सचिव व निर्वाचन अधिकारी एच. व्ही. आर. अय्यंगार यांनी राष्ट्रपतिपदासाठी एकच नामनिर्देशन आल्याचे सांगून डॉ. राजेंद्र प्रसाद निवडून आल्याचे घोषित केले. सूचक पंडित जवाहरलाल नेहरू, अनुमोदक सरदार वल्लभभाई पटेल. मतदान झालेच नाही. नेहरूंचा कल आधी राजगोपालाचारींकडे होता. पक्षांतर्गत मतभेद मात्र सभागृहात येण्यापूर्वीच मिटले होते.

या निवडीचा आधार संविधानाचा अनुच्छेद ३८० होता. रीतसर राष्ट्रपती निवडून येईपर्यंत संविधान सभेने निवडलेली व्यक्ती त्या पदावर राहील, अशी ती संक्रमणकालीन तरतूद. अनुच्छेद ३७९ नुसार हीच सभा पुढे हंगामी संसद झाली. प्रौढ मताधिकाराने तिची निवड झालेली नव्हती. प्रांतांचे सदस्य तेथील विधिमंडळांनी पाठविलेले होते, तर संस्थानांच्या प्रतिनिधींची तऱ्हा निरनिराळी होती.

उज्जैन तेव्हा मध्य भारत राज्यात होते. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील हे नगर १९४८ मध्ये इंदूर व माळव्यातील इतर संस्थानांसह या संघराज्यात आले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. संविधान सभेत मध्य भारताचे जे सदस्य होते, त्यांत इंदूरचे विनायक सीताराम सरवटे हे मराठी गृहस्थ होते. मराठवाड्याच्या वाट्याला एवढेही आले नाही, कारण हैदराबाद संस्थानाचा प्रतिनिधीच सभेत नव्हता. गोवा तर पोर्तुगीज अमलाखाली होता.

पहिली खरीखुरी निवडणूक मे १९५२ मध्ये झाली. खासदार व राज्यांच्या आमदारांच्या निर्वाचकगणात राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० आणि के. टी. शाह यांना ९२,८२७ मूल्याची मते मिळाली. लक्ष्मण गणेश थत्ते हे मराठी नाव २,६७२ मतांसह तिसऱ्या क्रमांकावर राहिले. निकाल ठरलेलाच होता, असे म्हणता येईल. परंतु लढत झाली, मते मोजली गेली, आणि १९५० मध्ये नेमके हेच घडले नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३८० वगळला. त्याच दिवशी राज्यपुनर्रचनेत मध्य भारत राज्यही संपले आणि उज्जैन मध्य प्रदेशात गेले.

गोव्याच्या आमदारांना राष्ट्रपती निवडण्याचा अधिकार मिळाला तो ३० मे १९८७ रोजी घटकराज्याचा दर्जा लाभल्यानंतर. १९६१ च्या मुक्तीनंतर पाव शतक गोव्यात विधानसभा होती, पण केंद्रशासित प्रदेशाच्या आमदारांना निर्वाचकगणात स्थान नव्हते. त्यामुळे त्या काळातील राष्ट्रपतींच्या निवडीत गोव्याचा सहभाग केवळ खासदारांपुरता होता.

मतांचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवर ठरते. गोव्याची तेव्हाची लोकसंख्या ७,९५,१२०. तिला ४० जागांनी व पुन्हा १,००० ने भागले की एका आमदाराचे मूल्य २० येते, म्हणजे संपूर्ण विधानसभेचे ८००. मध्य प्रदेशात एका आमदाराचे मूल्य १३१ आहे. उज्जैन जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. त्या सातांचे मूल्य होते ९१७.