सभागृहाची वाटणी

सिरुसेरीहून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने चेन्नईत शिरून मरीना किनाऱ्याकडे वळले, की वालाजा रस्त्यावर कलैवाणर अरंगम लागते. आजची इमारत अलीकडची; पण या आवाराचा विधिमंडळाशी संबंध जुना आहे. १९५२ च्या निवडणुकीनंतर मद्रास विधानसभेचे ३७५ सदस्य झाले आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातले दालन त्यांना पुरेना. म्हणून सभागृह इथे हलले. नव्या भाषिक राज्याला पहिली विधानसभा कुठून मिळणार, या प्रश्नाचे स्वतंत्र भारतातले पहिले उत्तर याच सभागृहाच्या वाटणीतून निघाले.

१५ डिसेंबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलूंनी मद्रासमध्ये आंध्रासाठीच्या उपोषणात प्राण सोडले. तेलुगू जिल्हे पेटले आणि चारच दिवसांत नेहरूंना वेगळ्या राज्याची घोषणा करावी लागली. राज्य तर द्यायचे, पण निवडणूक होऊन वर्षही उलटले नव्हते. पुन्हा मतदान घ्यायचे कसे? संसदेने सोपा मार्ग काढला. आमदाराची मातृभाषा कोणती, हे पाहायचे नाही. त्याचा मतदारसंघ कुठल्या बाजूला जातो, एवढेच पाहायचे. मतदारसंघ आंध्रात गेला, की त्याचा आमदार आपोआप आंध्राचा. अशा १४० जणांची आंध्र विधानसभा झाली. बळ्ळारीकडचे काही तालुके म्हैसूरला गेले.

सभागृह कापायची कल्पना मात्र अगदीच नवी नव्हती. १९४७ मध्ये बंगाल आणि पंजाबच्या विधानसभा फाळणीबरोबर अशाच दुभंगल्या होत्या. तिथे ती रक्ताळलेली निकड होती. इथे पहिल्यांदाच सभागृहाची वाटणी शांतपणे, कायद्याच्या कलमांतून झाली.

१ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्नूलला राजधानी आली. इमारती नव्हत्या, तेव्हा सरकारी कचेऱ्यांसाठी तंबू ठोकले. मुख्यमंत्री झाले टी. प्रकाशम, पूर्वी मद्रास प्रांताचेच प्रमुख राहिलेले. वारशाने मिळालेले हे सभागृह फार टिकले नाही. दारूबंदीच्या वादात नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रकाशम सरकार एका मताने पडले आणि १९५५ मध्ये आंध्राने स्वतःची १९६ जागांची विधानसभा निवडली.

हाच कित्ता महाराष्ट्राने गिरवला, आणि मराठी वाचकाला खरे कुतूहल वाटावे ते इथे. १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याची विधानसभा ३९६ जागांची होती. पुण्यातून एस. एम. जोशी निवडून आले, संयुक्त महाराष्ट्र समितीचे कितीतरी उमेदवार आले. ते राज्य मोडायचे, असे सांगूनच ते मते मागत होते. तीन वर्षांनी राज्य मोडले. १ मे १९६० रोजी ३९६ मधले २६४ महाराष्ट्राकडे आले, १३२ गुजरातकडे गेले. त्याच कुलाब्याच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, त्याच अध्यक्षांसमोर, स. ल. सिलम यांच्यासमोर, उरलेले आमदार बसले. भावांनी घर वाटून घेतले तरी स्वयंपाकघरातली भांडी जुनीच असावीत, तसे.

विदर्भातल्या मंडळींची गत तर आणखी न्यारी. वसंतराव नाईक १९५२ साली पुसदहून जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले. १९५७ मध्ये ते मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचे आमदार झाले. मतदारसंघ तोच, माणूस तोच. आठ वर्षांत तीन राज्ये. मराठवाड्याकडच्यांनी मध्य प्रदेशाच्या जागी हैदराबाद पाहिले. नव्या महाराष्ट्राची पहिली विधानसभा म्हणजे अशा निरनिराळ्या घरांतून आलेल्यांचा मेळ होता. नोव्हेंबर १९६० मध्ये तिचे अधिवेशन नागपूरला भरले, तेव्हा नागपूरकरांसाठी जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा मान गेल्याची ती भरपाई होती.

या पद्धतीत एक उणीव राहते आणि ती लहान नाही. ज्या राज्यासाठी १०६ माणसे मेली, त्या राज्यासाठी म्हणून पहिले मतदान झाले ते १९६२ मध्येच. तोवरचे सभागृह दुसऱ्याच राज्यासाठी निवडलेले होते. पण महाराष्ट्रापुरता एक दिलासा आहे: १९५७ ची निवडणूक या प्रश्नावरच लढली गेली होती, मतदारांना आपण कशासाठी कौल देतो हे ठाऊक होते. आंध्राला तेवढाही आधार नव्हता, म्हणूनच तिथले सभागृह लवकर कोसळले, असे मानायला जागा आहे.

गोव्याची वाट यातून थोडी निराळी. १९६३ पासून तिथे केंद्रशासित प्रदेशाची ३० जागांची विधानसभा होतीच, त्यात दमण आणि दीवचा प्रत्येकी एक आमदार. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, तेव्हा ते दोघे बाहेर पडले आणि उरलेल्या २८ जणांची हंगामी विधानसभा झाली. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री राहिले. चाळीस जागांची पहिली निवडणूक १९८९ च्या नोव्हेंबरात झाली.

२००० मध्ये छत्तीसगडने मध्य प्रदेशच्या ३२० मधले ९० आमदार घेतले, झारखंडने बिहारच्या ३२४ मधले ८१. रायपूरला विधानसभेची इमारत नव्हती, म्हणून पहिले अधिवेशन राजकुमार कॉलेजात भरले. तेलंगणाचा क्रम मात्र उलटा लागला. २९४ जागांची निवडणूक २०१४ च्या वसंतात एकत्रच झाली. ११९ तेलंगणाच्या, १७५ आंध्राच्या. २ जूनला राज्य जन्मले, तेव्हा त्याचे आमदार त्याच्याच नावावर निवडून येऊन बसले होते.