रिकाम्या पोटाचा संगणक

आमचे अब्बा बल्लारपुरात रेडिओ दुरुस्त करत. बंद पडलेला रेडिओ कुणी टाकायला निघालं की ते म्हणत, "आधी उघडून तर बघू." मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस, मला त्या कामाची गोडी काही लागली नाही. पण दोन वर्षांपूर्वी चंद्रपुरात एका भंगारवाल्याकडे वहीएवढ्या काळ्या डब्यांचा ढीग दिसला आणि अब्बांचं वाक्य आठवलं.

सोबत संगणक दुरुस्त करणारा मोहल्ल्यातला मुलगा होता. त्याने एक डबा उचलला. "चाचा, हे थिन क्लायंट. पोटात काहीच नाही. हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. सगळं डोकं सर्व्हरमध्ये."

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७० च्या दशकात मोठा संगणक एकच असे आणि त्याला अनेक टर्मिनलं जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे फक्त पडदा आणि कळफलक. १९७८ मधलं व्हीटी-१०० इतकं चाललं की पुढे अनेक कंपन्यांनी आपली टर्मिनलं त्याच्याच बोलीत बोलती केली. या इतिहासातलं एक पान आपल्या लिपीचंही आहे. कानपूरच्या आयआयटीत 'जिस्ट' हे तंत्र आकाराला आलं, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेलं आणि टर्मिनलच्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली.

मग टेबलाटेबलावर स्वतंत्र संगणक आले. पण प्रत्येकाची देखभाल वेगळी, प्रत्येकाचा व्हायरस वेगळा. म्हणून १९९० च्या दशकात कार्यालयं पुन्हा जुन्या मांडणीकडे वळली आणि टर्मिनलचा हा नवा अवतार 'थिन क्लायंट' नावाने आला. १९८१ पासून टर्मिनलच्या धंद्यात असलेली वाइज कंपनी यात नावाजली; २०१२ मध्ये ती डेलने घेतली.

टोकाचं यंत्र किती लहान चालतं, हे कोल्हापूरकडच्या वारणानगरला दिसलं. १९९८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत ७० गावांत संगणक केंद्रं उघडली होती. शेतकऱ्याला तिथे उसाचा हिशेब कळे. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. उत्तर देणारा संगणक कारखान्याकडे होता. गावात फक्त त्याच्यापर्यंत पोचण्याची सोय हवी होती.

आमच्या जंगलात ही पोचच अडचणीची आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीदा तुटला, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. पण तिथून काही तासांवरच्या गावात पावसाळ्यात वीज जाते, ती कधी येईल याचा नेम नसतो. सर्व्हर दूरच्या शहरात असेल तर तार तुटताच हा डबा मुका होतो.

आम्ही सहा डबे घेतले आणि एटापल्लीकडच्या एका वाचनालयात नेले. सर्व्हर त्याच खोलीत ठेवला, म्हणजे इंटरनेटची गरज उरली नाही. त्या मुलाने आधी डब्यांतले नाण्याएवढे सेल बदलले. ते संपले की यंत्र तारीख आणि मांडणी विसरतं. मग डबा नेटवर्कवरून सुरू होईल अशी मांडणी केली. बटण दाबलं की डबा सर्व्हरला विचारतो, माझा पत्ता काय? पत्ता मिळाला की लिनक्सचा गाभा मागवून घेतो. पुढे काम सर्व्हर करतो, डबा फक्त चित्र दाखवतो. एलटीएसपी नावाची ही मोफत प्रणाली १९९९ पासून आहे. असा एक डबा साधारण दहा-पंधरा वॉट खातो. पडद्यांसह सगळा पसारा एका इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालतो. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया किविक्सच्या मदतीने सर्व्हरवर भरला आहे. मुलं तो तारेविना वाचतात.

मुलांना वाचण्याइतकंच सांगायचंही होतं. म्हाताऱ्यांच्या तोंडच्या माडिया गोष्टी त्यांनी मोबाइलवर टिपल्या आणि सर्व्हरवर ठेवल्या. काही देवनागरीत लिहूनही काढल्या.

मागच्या पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. सहाही डबे शाबूत, पण त्यांच्याकडे स्वतःचं काय होतं? विकिपीडिया पुन्हा भरता आला. गोष्टी गेल्या. त्या सांगणाऱ्यांपैकी एक आजी तोवर वारली होती. दुसरी प्रत ठेवायचं मला सुचलं नाही, ही चूक माझीच. या मांडणीचा हाच धोका आहे: आठवण एकाच ठिकाणी राहते. मोठ्या कार्यालयांत त्यासाठी दुसरा सर्व्हर असतो. आमच्याकडे मी होतो, आणि मी गाफील राहिलो.

मुलांनी मात्र पुन्हा सुरुवात केली. आजीच्या दोन गोष्टी तिच्या नातीला पाठ होत्या, त्या तिने सांगितल्या. आता सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, आणि तिसरी प्रत पेनड्राइव्हवर चंद्रपुरात माझ्या कपाटात असते. मिरग लागायच्या आत ती नवी करून आणायची, हे काम मी कुणावर सोपवत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)