चार मिनिटांनंतर येणारा आवाज

ध्वनिमुद्रिकेवर गाणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि ऐकणारा ती त्याचीच कृती समजून घरी नेतो. अमेरिकेतील ‘द टेम्प्टेशन्स’ या गायकवृंदाच्या ‘ऑल डायरेक्शन्स’ या १९७२ सालच्या दीर्घमुद्रिकेबाबत मात्र हा समज तितकासा निर्विवाद राहिला नाही.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायनाची आर्तता लौकिक गीतांत उतरली, तेव्हा सोल संगीत जन्मास आले. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरात १९५९ साली स्थापन झालेल्या मोटाउन कंपनीने ते वर्णभेदाच्या भिंतीपलीकडे पोचविले. टेम्प्टेशन्स हे या कंपनीचे भूषणच होते. अतिमंद्र स्वरापासून तारसप्तकातील कृतक स्वरापर्यंत पाच कंठांचा मेळ, ही त्यांची खरी दौलत. परंतु १९७१ मध्ये एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स हे दोन जुने गायक बाहेर पडले. डेमन हॅरिस व रिचर्ड स्ट्रीट हे त्यांच्या जागी आले.

त्यांचा निर्माता नॉर्मन व्हिटफील्ड हा मोठा महत्त्वाकांक्षी गृहस्थ. ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’ हे गीत त्याने बॅरेट स्ट्राँगच्या साहाय्याने रचले आणि प्रथम दुसऱ्याच एका वृंदाकडून गाऊन घेतले. त्याला बेताचेच यश मिळाले. मग तेच गीत त्याने टेम्प्टेशन्सच्या पुढ्यात ठेवले. विषय सुखद नव्हता. मुले आईला आपल्या मृत बापाविषयी विचारतात. लोक त्याच्याबद्दल बोलतात ते खरे काय, हा त्यांचा प्रश्न.

गायकांना हे रुचले नाही. त्यांना जुन्या वळणाची प्रेमगीते हवी होती. व्हिटफील्डने त्यांना दिले ते पावणेबारा मिनिटांचे गाणे, आणि त्यातही पहिली जवळजवळ चार मिनिटे कोणी गातच नाही! गिटारचा खर्ज तेच मोजके स्वर पुनःपुन्हा छेडतो, झांजेचा बारीक ठेका चालू राहतो, मधूनच तुतारी आणि पॉल रायझरने बांधलेले तंतुवाद्यांचे मेळ येऊन जातात. सारे गाणे एकाच स्वरसंघातावर उभे आहे. तीन मिनिटांत रागाचे रूप दाखवून मोकळे होणाऱ्या जुन्या तबकड्यांवर ज्यांचे कान घडले, त्यांना हा विस्तार परका वाटू नये. पण आपल्याकडे आलाप गवयाचा असतो. इथे तो वाद्यांचा होता. डेनिस एडवर्ड्सकडून व्हिटफील्डने सुरुवातीच्या ओळी पुनःपुन्हा गाऊन घेतल्या, आणि त्रासलेल्या गायकाच्या स्वरातली धुमस त्याने नेमकी टिपली, असे सांगतात. ऐकताना ते पटते.

मुद्रिकेतील इतर सात गीतांत ‘रन चार्ली रन’ हे विशेष. कृष्णवर्णीय शेजारी आले की गोरे लोक वस्ती सोडून पळतात, यावर त्यात बोचरा उपहास आहे. रसिकांचे लक्ष मात्र त्या एकाच दीर्घ गाण्याने वेधले. त्याची सुमारे सात मिनिटांची आवृत्ती डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या स्थानी गेली आणि दीर्घमुद्रिका दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली.

१९७३ साली या गाण्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. एक टेम्प्टेशन्सच्या गायनाला, दुसरा रचनेबद्दल व्हिटफील्ड आणि स्ट्राँग यांना. तिसरा होता छोट्या तबकडीच्या मागील बाजूवरील निव्वळ वाद्यसंगीताचा. तो व्हिटफील्ड आणि रायझर यांनी घेतला. गायकांच्या तक्रारीला याहून बोलका पुरावा कोणता हवा होता?

व्हिटफील्ड थांबला नाही. १९७३ च्या ‘मास्टरपीस’ मुद्रिकेचे शीर्षकगीत त्याने चौदा मिनिटांच्या घरात नेले. आपण आपल्याच मुद्रिकेत पाहुणे झालो, ही गायकांची भावना वाढत गेली, आणि त्या वर्षअखेरच्या ‘१९९०’ या मुद्रिकेनंतर त्यांच्यासाठी दुसरा निर्माता नेमला गेला. त्यांची बाजू अन्यायाची नव्हती. पण त्या सर्वसाधारण यादीत टेम्प्टेशन्सचे गाणे पुन्हा कधी पहिल्या क्रमांकावर आले नाही.